सुटा शब्द वाचतो, पान वाचत नाही : तिसरीतल्या एका मुलाचे प्रकरण

हा मुलगा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि नावे दिलेली नाहीत. मी विशेष शिक्षिका आहे, वाचनात मागे पडलेल्या मुलांबरोबर काम करते. हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण ‘डोळे चांगले आहेत’ एवढे एकदा कळल्यावर कित्येक वर्षे कुणी पुढचा प्रश्न विचारला नाही. अपुऱ्या दिवसांची बाळे आता पूर्वीपेक्षा अधिक संख्येने जगतात, वाढतात आणि शाळेत येतात. त्यांच्यातली काही आपल्या वर्गात ‘लक्ष नसलेली’ म्हणून बसलेली असतात.

पार्श्वभूमी

मुलाचा जन्म एकतिसाव्या आठवड्यात झाला, वजन दीड किलोच्या आत. आईच्या शब्दांत, ‘महिनाभर काचेच्या पेटीत होता’. अशा बाळांच्या डोळ्यांचा पडदा पूर्ण वाढलेला नसतो. त्यातल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची पडद्याची तपासणी जन्मानंतर महिन्याच्या आत सुरू करतात. याचीही झाली, आई-वडिलांनी एकही तारीख चुकवली नाही. शेवटच्या तपासणीत पडदा पूर्ण वाढल्याचे सांगितले गेले. घरच्यांनी सुटकेचा श्वास घेतला आणि डोळ्यांचा विषय तिथे मिटला.

चालायला थोडा उशीर झाला, बोलायला अजिबात नाही. पहिलीत वाचन आले नाही, तेव्हा ‘येईल हळूहळू’ म्हणून झाले. दुसरीत गावातल्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासून आणले. नंबर नाही, दृष्टी ६/६, म्हणजे पूर्ण चांगली. तिसरीच्या सहामाहीनंतर तो माझ्याकडे आला तेव्हा आठ वर्षे पूर्ण झाली होती.

अडचण

शाळेची तक्रार थोडक्यात होती : वाचन येत नाही, फळ्यावरचे उतरवून घेत नाही, लक्ष नसते. आईचे म्हणणे वेगळे होते. “मॅडम, तोंडी काहीपण विचारा, सांगतो. ताई पाचवीचा धडा मोठ्यानं वाचते, तो याला पाठ होतो. पुस्तक पुढं ठेवलं की नुसता बसतो.”

दोन्ही खरे होते. पाठ्यपुस्तकातला धडा तो मिनिटाला जेमतेम १४ शब्द या गतीने वाचत होता आणि त्यातलेही बरेच अंदाजाने. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाची तिसरीच्या अखेरची अपेक्षा मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून, अशी आहे. ओळ संपली की तो तीच ओळ पुन्हा वाचे, नाहीतर मधली एक ओळ गाळून पुढच्या ओळीवर जाई. बोट ठेवून वाचायची सवय त्याला होती, पण ‘आता मोठा झालास’ म्हणून ती सोडवली गेली होती. तोंडी बेरीज-वजाबाकी वर्गात सगळ्यांच्या आधी. मात्र ‘चित्रातले पक्षी मोजा’ म्हटले की सात पक्ष्यांचे कधी पाच होत, कधी नऊ. उभ्या मांडणीत एककाचा अंक दशकाखाली जाई.

जो मुलगा ४७ मधून १९ मनातल्या मनात वजा करतो, त्याला सात पक्षी मोजता येत नाहीत, हे वर्गात चाळीस मुले सांभाळणाऱ्या बाईंना टाळाटाळीसारखे वाटले तर त्यांना दोष देता येणार नाही. पण नेमकी हीच विसंगती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. न येणारी गोष्ट गणिताची नव्हती आणि कदाचित वाचनाचीही नव्हती.

दिशा कशी बदलली

मुख्याध्यापकांनी अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात येणाऱ्या अडचणीच्या, तपासणीसाठी पत्र तयार ठेवले होते. त्या वाटेने जाण्याआधी मी आवाजांची चाचणी घेतली. डिस्लेक्सियाच्या, म्हणजे वाचनातल्या अध्ययन अक्षमतेच्या, मुळाशी बहुतेक वेळा शब्दातले आवाज सुटे करण्याची, जोडण्याची अडचण असते. ‘कमळ’मधला पहिला आवाज काढला तर काय उरते, ‘माती’शी जुळणारा शब्द सांग, ‘पाखरू’चे तुकडे कर. हे सगळे त्याला सहज जमले.

मग धड्यातलेच शब्द जाड पेनाने एकेका कोऱ्या कार्डावर लिहून दाखवले. ‘म्हातारी’, ‘प्रवास’, ‘खिडकी’, ‘दुष्काळ’. थोडा वेळ घेऊन त्याने ते वाचले, जोडाक्षरांसकट. अर्थ नसलेले बनावट शब्दही दिले, म्हणजे पाठांतर किंवा अंदाज चालणार नाही : ‘टमोक’, ‘झिपाळू’. तेही वाचले. डिस्लेक्सिया असलेले मूल सहसा इथेच, सुट्या आणि अनोळखी शब्दावर, अडखळते.

लगेच पुस्तक उघडून ‘खिडकी’ असलेली ओळ वाचायला दिली. तिथे तो शब्द त्याला सापडेचना. शेवटी पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खाच पाडून ती पानावर ठेवली आणि बाकी सगळा मजकूर झाकला. त्याच बैठकीत, काहीही नवे न शिकवता, त्याची गती जवळजवळ दुप्पट झाली आणि ओळ गाळणे थांबले. अक्षर त्याला येत होते, पानावरच्या गर्दीतून ते वेगळे काढता येत नव्हते.

यानंतर आईला मी शाळेबाहेरचे प्रश्न विचारले. मेंदूमुळे येणाऱ्या दृष्टीच्या अडचणींवर ग्लासगोचे बालनेत्रतज्ज्ञ गॉर्डन डटन यांनी मोठे काम केले आहे. घरच्यांना रोजच्या जगण्याबद्दल ठरावीक प्रश्न विचारून या अडचणी ओळखायची पद्धत त्यांच्या कामातून आली. जिना उतरताना कसा उतरतो? पसाऱ्यातून वस्तू शोधता येते का? घोळक्यात ओळखीचा माणूस सापडतो का? लांबची वस्तू बोटाने दाखवली तर दिसते का?

उत्तरे देताना आईचाच आवाज बदलत गेला. पायरी उतरताना तो आधी पायाने चाचपतो. आठवडी बाजारात आईचा पदर सोडत नाही, एकदा दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या वडिलांना शोधत रडला होता. कपाटातला स्वतःचा शर्ट त्याला मिळत नाही, पलंगावर एकटा ठेवला तर लगेच घेतो. जेवताना ताटातला त्याच्या बाजूचा भात तसाच राहतो. “मला वाटायचं खात नाही पोटभर. ताट फिरवून दिलं की खायचा.”

ताटाची गोष्ट ऐकल्यावर अध्ययन अक्षमतेचे पत्र बाजूला ठेवून आधी बालनेत्रतज्ज्ञांकडे जायचे ठरले.

डॉक्टरांकडे काय कळले

पुण्यातल्या बालनेत्रतज्ज्ञांना भेटताना मी सगळ्या निरीक्षणांचा एक कागद सोबत दिला. त्यांनी एकेक अक्षर दाखवून तपासले तेव्हा दृष्टी ६/६ आली. तीच अक्षरे ओळीत, एकमेकांजवळ असताना तो ६/१२ च्या पुढे, म्हणजे दुप्पट मोठ्या अक्षरांच्या पुढे, जाऊ शकला नाही. चष्म्याच्या दुकानातल्या तपासणीबद्दल आईला विचारले, तर ‘बाकीची झाकून एकेक अक्षर दाखवलं होतं’. लहान मुलांची तपासणी पटकन व्हावी म्हणून असे सर्रास करतात. पण त्यामुळे नेमकी गर्दीची अडचणच तपासणीतून निघून जाते.

पडदा, नस, तिरळेपणा, जवळचे पाहताना दोन्ही डोळे एकत्र येणे, हे सगळे ठीक होते. डॉक्टरांनी समोर बसून हात हलवत दृष्टीचे क्षेत्र तपासले तेव्हा खालच्या बाजूची हालचाल त्याला उशिरा कळत होती.

वडिलांनी जन्माच्या वेळची फाइल जपून ठेवली होती. टाळूतून केलेल्या मेंदूच्या सोनोग्राफीच्या अहवालात मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेचा भाग अधिक पांढरा दिसल्याची नोंद होती. घरच्यांना तिचा अर्थ कुणी समजावून दिल्याचे आठवत नव्हते. बालमेंदूतज्ज्ञांनी तपासल्यावर पोटऱ्यांमध्ये किंचित ताठरपणा आढळला. उशिरा चालण्याचाही अर्थ लागला.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूत पोकळ्यांलगतचा हा भाग फार नाजूक असतो. रक्तपुरवठा थोडा कमी झाला किंवा जंतुसंसर्ग झाला तरी त्याला इजा होऊ शकते, आणि सोनोग्राफीत तो अधिक पांढरा दिसणे ही तिची खूण असू शकते. डोळ्यांकडून मेंदूच्या मागच्या भागाकडे जाणारे तंतू तिथूनच जातात, आणि दृष्टिक्षेत्राच्या खालच्या भागाचे तंतू पोकळीला अधिक लगटून असतात. म्हणून पायरी आणि ताटाची जवळची कड निसटते. पायांकडे जाणारे तंतूही जवळच, म्हणून पोटऱ्या ताठ. आणि एकाच वेळी अनेक गोष्टींवर नजर ठेवून त्यातली हवी ती निवडण्याचे काम मेंदूच्या वरच्या-मागच्या भागाकडे असते. तिथपर्यंत जाणारी वाट दुबळी झाली की एक वस्तू नीट दिसते आणि दहा वस्तूंमधली तीच हरवते.

देवनागरीत ही अडचण आणखी दाटते, असे मला रोजच्या कामात दिसते. शिरोरेषेमुळे शब्दातली अक्षरे एकमेकांना चिकटलेली असतात. मात्रा, वेलांट्या, रफार वर, उकार खाली. ओळी जवळजवळ छापल्या तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. त्यात भ-म, घ-ध, थ-य असली जुळी अक्षरे. ज्याला गर्दी सहन होत नाही, त्याच्यासाठी हे पान फार अवघड असते.

समोर आलेले पर्याय

एमआरआय करायचा का, हा पहिला प्रश्न. इतक्या लहान मुलाला त्यासाठी गुंगी द्यावी लागण्याची शक्यता होती आणि खर्चही होता. मेंदूतज्ज्ञांचे म्हणणे असे की इजा कुठे आहे ते चित्रात दिसेल, पण वर्गात काय करायचे ते त्यातून ठरणार नाही. जन्माची फाइल, पोटऱ्यांचा ताठरपणा आणि दृष्टीची तपासणी एकमेकांशी जुळत होती. झटके किंवा वाढता अशक्तपणा नव्हता. एमआरआय पुढे ढकलला.

दुसरा पर्याय वडिलांच्या भावाने शोधून आणला होता : एका खासगी केंद्रातले डोळ्यांचे व्यायाम आणि रंगीत काचांचा चष्मा. पैसे हप्त्याने भरता येणार होते आणि ‘तीन महिन्यांत वाचन’ असे तोंडी आश्वासन होते. घरच्यांचा ओढा इकडे होता आणि ते स्वाभाविक आहे, कारण मुलासाठी काहीतरी केल्याचे समाधान त्यात मिळते. मी या बैठकीला सर्वांत जास्त वेळ दिला. जवळ पाहताना डोळे एकत्र न येण्याचा एक खरा विकार आहे आणि त्यावर व्यायामांचा उपयोग होतो. पण याला तो विकार नव्हता. शिवाय ज्यांना तो असतो, त्यांच्यावर अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, त्यात डोळ्यांची हालचाल सुधारली तरी वाचन मात्र तुलनेसाठी लुटुपुटीचे व्यायाम दिलेल्या मुलांपेक्षा अधिक सुधारले नाही. रंगीत काचांबद्दल अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदन काढून अध्ययन अक्षमतेसाठी त्या सुचवण्याजोगा पुरावा नसल्याचे म्हटले आहे. आकार ओळखा, गुंतलेल्या रेषा सोडवा असल्या सराववह्यांचीही तीच कथा. १९७० च्या दशकापासूनचा अनुभव असा की मूल त्या वह्यांमध्ये हुशार होते, वाचनात त्याचा फारसा उपयोग होत नाही. आईने शेवटी विचारले, “म्हणजे हे बरं होणार नाही?” मी म्हटले, मेंदूतली जुनी इजा पुसता येत नाही, पण पान बदलता येते, आणि पान बदलले की तो वाचतो हे तुम्ही स्वतः पाहिले आहे.

तिसरीतच आणखी एक वर्ष बसवावे, असे आजोबांचे मत होते. तेच पान, तशीच छपाई, आणि वर मागे राहिल्याची बोच. हा पर्याय फार वेळ टिकला नाही.

राहता राहिला अध्ययन अक्षमतेचा दाखला. वय आठ पूर्ण असल्याने तो मागता आला असता आणि परीक्षेत सवलती मिळाल्या असत्या. पण डिस्लेक्सियाची खूण नसताना तो दाखला घेतला असता, तर शाळेने आवाज-अक्षरांची जुळणी पुन्हा पहिल्यापासून शिकवायला घेतली असती, जी त्याला येतच होती. दोन्ही अडचणी एकाच मुलात असू शकतात, हे मी घरच्यांना स्पष्ट सांगितले. म्हणून हा पर्याय बंद न करता आधी पान मोकळे करायचे आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे असे ठरले.

काय केले

पहिले काम छपाईचे. धडे मोठ्या टाइपात, ओळींमध्ये दुप्पट जागा सोडून, एका पानावर सहा-सात ओळी आणि चित्र वेगळ्या पानावर, असे छापून घेतले. नुसते अक्षर मोठे करून भागत नाही, मोकळी जागा हवी. अक्षरांमधले अंतर वाढवल्याने डिस्लेक्सिया असलेल्या इटालियन आणि फ्रेंच मुलांचे वाचन सुधारल्याचे २०१२ मध्ये दिसून आले आहे. पण ते रोमन लिपीत. देवनागरीत शब्दातली अक्षरे सुटी केली तर शिरोरेषा तुटते आणि शब्द परका वाटतो. म्हणून आम्ही शब्द-शब्दांमधले आणि ओळी-ओळींमधले अंतर वाढवले, शब्दाला हात लावला नाही.

खाचेचा पुठ्ठा दप्तरात कायमचा आला. बोट ठेवायची परवानगी परत मिळाली. पुस्तक उतरत्या लाकडी पाटावर ठेवले, म्हणजे पान डोळ्यांसमोर येते, खालच्या दुबळ्या भागात जात नाही.

वर्गातला बदल अधिक नाजूक होता. शाळेच्या भिंती बोलक्या होत्या : पाढे, स्वर, फळे, नकाशा, सुविचार, छतापर्यंत. गावाने वर्गणी काढून त्या रंगवल्या होत्या आणि इतर मुलांना त्यांचा उपयोगही होत होता. भिंती पुसा असे सांगणे चुकीचे ठरले असते. त्याची जागा पुढच्या रांगेत अशी ठरवली की फळ्याभोवतीची कोरी भिंतच समोर येईल. फळ्यावरून उतरवून घेणे बंद, शेजारच्या मुलीची वही पाहून किंवा बाईंनी दिलेल्या कागदावरून लिहायचे. बाईंनी स्वतःहून एक गोष्ट केली, जी मला सुचली नव्हती : नवे लिहिण्याआधी त्या जुना मजकूर पूर्ण पुसू लागल्या.

गणितासाठी मोठ्या चौकटींची वही, एका पानावर चारच उदाहरणे. मोजायच्या वस्तू चित्रात नव्हे, हातात, मोजलेली वस्तू वाटीत टाकायची. घरी कपाटाचा एक कप्पा फक्त त्याचा, त्यात मोजके कपडे. शाळेच्या पायऱ्यांच्या कडांवर वडिलांनी पिवळा पट्टा मारून दिला.

वर्गातल्या मुलांना काय सांगायचे, हे त्यालाच विचारले. “मला गिचमिड दिसत नाही म्हणून सांगा,” तो म्हणाला. तसेच सांगितले.

परिणाम

चौथीच्या दिवाळीपर्यंत मोकळ्या छपाईत तो मिनिटाला पन्नासच्या आसपास शब्द समजून वाचू लागला. साध्या पाठ्यपुस्तकात, खाचेचा पुठ्ठा घेऊन, तीसच्या पुढेमागे. पुठ्ठ्याशिवाय अजूनही ओळ सुटते आणि दमला की फार सुटते. म्हणजे मूळ अडचण आहे तिथेच आहे. अर्धा तास वाचल्यावर त्याचे डोके दुखते, तेव्हा उरलेला भाग बहीण वाचून दाखवते. पुढच्या वर्षांचा अभ्यास वाढेल तसे ऐकून शिकण्याचे प्रमाणही वाढवावे लागेल.

वागण्यात पडलेला फरक मला आकड्यांहून मोठा वाटतो. ‘लक्ष नसते’ ही तक्रार जवळपास संपली. आई आता ताट फिरवायची फक्त आठवण करून देते, तो स्वतः फिरवून घेतो.

सहा महिन्यांनी ठरल्याप्रमाणे पुन्हा चाचण्या घेतल्या. आवाज, बनावट शब्द, श्रुतलेखन वयानुसार होते. अध्ययन अक्षमतेचा दाखला मागायचा नाही असे ठरले. नेत्रतज्ज्ञांच्या अहवालावर शाळेने परीक्षेत जास्त वेळ आणि मोकळ्या छपाईची प्रश्नपत्रिका मान्य केली.

वेगळे काय करता आले असते

पहिली संधी जन्मानंतरच्या शेवटच्या तपासणीत होती. ‘पडदा वाढला’ हे खरेच होते. त्याला जोडून ‘मेंदूच्या सोनोग्राफीत काही दिसले आहे, तेव्हा शाळेच्या वयात दृष्टी पुन्हा दाखवा’ एवढे लिहून मिळाले असते, तर दोन वर्षे वाचली असती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत, अशा बाळांचा पाठपुरावा तिथे होऊ शकतो. या कुटुंबाला त्यांची माहितीच नव्हती.

दुसरी संधी पहिलीच्या प्रवेशाची. जन्मतारीख लिहून घेताना ‘दिवस पूर्ण भरले होते का’ हा एक प्रश्न विचारायला वेळ लागत नाही. तिसरी संधी चष्म्याच्या दुकानात होती. वाचनाची तक्रार घेऊन आलेल्या मुलाला ओळीतली अक्षरे ओळीतच दाखवायला हवीत.

आम्ही घेतलेल्या निर्णयांपैकी एकाबद्दल अजून दोन मते आहेत. शाळेच्या बाईंना वाटते की मोकळी छपाई फार काळ दिली तर तो साध्या पुस्तकाकडे वळणार नाही, हळूहळू ओळी जवळ आणाव्यात. मला ते पटत नाही. त्याची अडचण सवयीची नाही, आणि वाचायची गोडी नुकती लागली आहे. तूर्त गोष्टीची पुस्तके मोकळ्या छपाईत आणि पाठ्यपुस्तक पुठ्ठा घेऊन, असा मधला मार्ग काढला आहे.

पुढचा प्रश्न शिष्यवृत्ती परीक्षेचा आहे. त्याला बसायचे आहे, आणि तोंडी विचारले तर बुद्धिमत्ता चाचणीचे प्रश्न तो चांगले सोडवतो. पण उत्तरपत्रिका म्हणजे पानभर बारीक गोल, एकाखाली एक, एकसारखे. उत्तर येत असूनही गोल चुकेल, हे सरावात दिसले आहे. उत्तरे प्रश्नपत्रिकेवरच खूण करून द्यावीत आणि गोल दुसऱ्याने भरावेत, असा अर्ज मुख्याध्यापक आणि वडील मिळून तयार करत आहेत, सोबत नेत्रतज्ज्ञांचा अहवाल आहे. उत्तर येईपर्यंत तो खाचेचा पुठ्ठा उत्तरपत्रिकेच्या मापाने कापून सराव करतो आहे.